सिंगतेल, दिवेल आणि पाणी: घट्टपणा येतो कुठून?

मांजलपूरची आई

मंडळी, प्रश्न माझ्या लेकीचा आहे. मला उत्तर देता येईना म्हणून इथे टाकते आहे.

वर्षाचे गहू भरत होतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: बडोद्यात गव्हाला आणि तुरीच्या डाळीला कीड लागू नये म्हणून दिवेल चोळून ठेवतात. दिवेल म्हणजे एरंडेल. आम्हा मराठी घरांतही आता हीच पद्धत आहे. लेक अकरावी सायन्सला आहे. गव्हाला दिवेल चोळता चोळता तिने विचारलं, "आई, पुस्तकात म्हटलंय की पाण्यात हायड्रोजन बंध असतात, म्हणजे रेणूंमधलं आकर्षण जोरदार. तेलात नुसतं लंडन बल, ते सगळ्यांत दुबळं. मग पाणी पातळ आणि तेल घट्ट, हे उलटं कसं?"

पुढे आणखी दोन शंका. पाणी १०० अंशांना उकळतं, मग दुबळ्या बलाचं तेल कढईत त्याहून कितीतरी तापूनही उडून का जात नाही? आणि सिंगतेल (म्हणजे शेंगदाण्याचं तेल) काय, दिवेल काय, दोन्ही तेलंच. एक बाटलीतून भळाभळा पडतं आणि दुसरं बाटली उलटी धरली तरी खाली यायला तयार नसतं. असं का?

क्लासमध्ये "तेलाचा रेणू मोठा असतो" एवढंच उत्तर मिळालं. तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

अलकापुरीकर

रेणू मोठा असतो हे बरोबरच आहे की. पाण्याचं रेणुभार १८, सिंगतेलाचं ८८० च्या आसपास. मोठ्या वस्तू हळू सरकतात. आणि घट्ट दिवेलही पाण्यावर तरंगतं कसं असं कुणी विचारेल, तर ते घनता कमी म्हणून, त्याचा घट्टपणाशी संबंध नाही. यापलीकडे अकरावीला लागत नाही.

लॅबवाली, दांडिया बाजार

ताई, लेकीचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याला एका ओळीचं उत्तर पुरणार नाही. अलकापुरीकर, तुमचं उत्तर चूक नाही, पण ते तिसऱ्या शंकेपाशी अडतं. सिंगतेल आणि दिवेल यांचे रेणू जवळजवळ सारखेच मोठे आहेत, तरी घट्टपणात सहापट फरक. मी मकरपुऱ्यात एरंडेलापासून रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. दिवेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, मोजणं हे रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकातली क्रमवारी एकेका बंधाची आहे. एक हायड्रोजन बंध आणि लंडन बलाचा एक स्पर्श समोरासमोर ठेवले तर हायड्रोजन बंध जिंकतो, यात वाद नाही. पण उकळताना सुटतो तो अख्खा रेणू, आणि एका रेणूला असे किती बंध, किती स्पर्श आहेत हे त्या क्रमवारीत कुठेच येत नाही.

हिशेब करून बघू. पाण्यातला एक हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप) साधारण २० किलोज्यूल लागतात. पाण्याचा रेणू जास्तीत जास्त चार शेजाऱ्यांशी जोडलेला असतो. प्रत्येक बंध दोघांत वाटलेला, म्हणून एका रेणूच्या वाट्याला दोन. दोन गुणिले वीस, चाळीस. १०० अंशांना पाण्याची वाफ करायला प्रत्यक्षात मोलमागे ४०.७ किलोज्यूल लागतात. इतका सरळ ताळा रसायनशास्त्रात क्वचित लागतो.

आता लंडन बल. फ्रिट्झ लंडनने १९३० मध्ये त्याचा उलगडा केला. रेणूतले इलेक्ट्रॉन सतत हलत असतात. एखाद्या क्षणी ते एका बाजूला किंचित जास्त जमतात, त्यामुळे शेजारच्या रेणूतले इलेक्ट्रॉनही सरकतात आणि दोघांत क्षणभर ओढ तयार होते. ही ओढ छोटी, पण साखळीच्या लांबीभर सगळीकडे असते. सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनमध्ये एक कार्बन वाढला की वाफ करायला मोलमागे साधारण ५ किलोज्यूल जास्त लागतात. मिथेनमध्ये एकच कार्बन, तो उणे १६१ अंशांनाच उकळतो. डेकेनमध्ये दहा कार्बन आणि हायड्रोजन बंध एकही नाही, तरी तो १७४ अंशांना उकळतो. खोलीच्या तापमानाला डेकेनच्या एका मोलची वाफ करायला सुमारे ५१ किलोज्यूल लागतात, पाण्याला ४४. सगळ्यांत दुबळ्या बलाने धरलेला रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा सोडवायला जास्त अवघड निघाला. लेकीला हे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायला सांगा.

सिंगतेलाच्या रेणूत तर अशा तीन साखळ्या असतात, बहुतेक अठरा-अठरा कार्बनच्या, ग्लिसरॉलच्या, म्हणजे ग्लिसरीनच्या, तीन टोकांना जोडलेल्या. पन्नासहून जास्त कार्बनची ओढ एकदम सोडवायला लागणारी उष्णता इतकी, की त्याआधी रेणूच्या आतले बंधच तुटायला लागतात. म्हणून तेल उकळत नाही, धुरकटतं आणि जळतं. पुरी सोडल्यावर कढईत जे खळखळतं ती कणकेतल्या पाण्याची वाफ असते. बुडबुडे मंदावले की पुरीतलं बाहेर पडण्याजोगं पाणी संपत आलं.

आता घट्टपणा. उकळताना रेणूला सगळ्यांना सोडून जावं लागतं. वाहताना कुणाला कायमचं सोडायचं नसतं, नुसतं शेजारी बदलत सरकायचं असतं. त्यामुळे प्रश्नच बदलतो: शेजारी बदलणं किती सोपं आहे? पाण्यात ते फार सोपं आहे. तिथले हायड्रोजन बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास टिकतात. एक सुटला की रेणू जरासा वळतो आणि दुसरा शेजारी पकडतो. रेणू छोटा, कुठेही वळायला मोकळा. तेलाचा रेणू मात्र ओल्या शेवयांसारखा इतरांत अडकलेला असतो. एक टोक सुटलं तरी बाकीचं अंग शेजाऱ्यांना चिकटूनच राहतं. म्हणून पाण्यातली जोडी बळकट असूनही पाणी पातळ, आणि तेलातला एकेक स्पर्श दुबळा असूनही तेल घट्ट.

तिसरी शंका माझ्या रोजच्या कामाची आहे. तेलातल्या या साखळ्या म्हणजे मेदाम्लं. दिवेलातल्या मेदाम्लांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास रिसिनोलिक आम्ल असतं. त्याचीही साखळी अठरा कार्बनचीच, पण बाराव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट लटकलेला असतो. ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन आला म्हणजे हायड्रोजन बंध आला. सिंगतेलाच्या साखळीवर हा गट नसतो. म्हणजे दिवेलात लांब साखळ्यांचा गुंता तर आहेच, शिवाय साखळ्यांच्या मधोमध शेजाऱ्याला धरून ठेवणारे बंधही आहेत.

लॅबमध्ये हे स्वच्छ दिसतं. यू आकाराच्या काचेच्या नळीत तेल भरतो, नळी ४० अंशांच्या पाण्यात उभी करतो आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत पातळी उतरायला किती वेळ लागतो ते मोजतो. दिवेल भरल्यावर आतले बारीक बुडबुडे वर यायलाच बराच वेळ जातो. घाई केली तर एखादा बुडबुडा बारीक नळीत अडकतो आणि मोजमाप वाया जातं. ४० अंशांना सिंगतेल साधारण ४० सेंटिस्टोक (घट्टपणाचं एकक) भरतं, दिवेल साधारण २५०. आता नळी १०० अंशांच्या बाथमध्ये ठेवली तर सिंगतेल ८ च्या आसपास येतं आणि दिवेल २० च्या आसपास. एक पाचपट पातळ झालं, दुसरं बारापट. उष्णतेने दिवेलातले हायड्रोजन बंध मोठ्या प्रमाणात सुटतात आणि उरतो तो मुख्यतः साखळ्यांचा गुंता. मला हे आकडे फार आवडतात. रेणू डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्यावरचा एक गट घड्याळात दिसतो.

घरी करून बघण्यासारखं आहे. स्टीलचं ताट तिरकं टेकवा आणि वरच्या कडेला पाणी, सिंगतेल आणि दिवेल यांचा एकेक थेंब एकदमच सोडा. मग दोन्ही तेलांच्या वाट्या कडकडीत पाण्याच्या पातेल्यात थोडा वेळ ठेवून पुन्हा सोडा. वाट्या थेट गॅसवर ठेवू नका.

मांजलपूरची आई

ताई, मनापासून आभार. तुमचं उत्तर लेकीने दोनदा वाचलं आणि लगेच ताट काढलं.

गार असताना सिंगतेल खालच्या कडेला पोचलं तेव्हा दिवेल अर्ध्यावरही नव्हतं. वाट्या गरम पाण्यात ठेवल्यावर दोघांतलं अंतर पुष्कळ कमी झालं. पण पाण्याने तिला बुचकळ्यात टाकलं. पाण्याचा थेंब थोडा सरकला आणि तिथेच गोल फुगून बसला. सिंगतेल मात्र पसरत पसरत ओघळलं. पाणी सगळ्यांत पातळ, मग थांबलं का? आणि तिचं म्हणणं आहे की पाण्यातलं आकर्षण इतकं जोरदार असेल तर ते कुठेतरी दिसायला हवं ना?

लॅबवाली, दांडिया बाजार

जे तिने पाहिलं त्यातच ते दिसतंय!

पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूला शेजारी नसतो. त्याचे काही बंध रिकामे राहतात, आणि ते रेणूला महागात पडतं. म्हणून द्रव आपला पृष्ठभाग जमेल तितका कमी ठेवतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. इथे रेणू किती लांब आहे याने फारसा फरक पडत नाही. प्रश्न असतो तो पृष्ठभागाच्या प्रत्येक तुकड्यावर किती जोराची ओढ अपुरी राहिली याचा. पाण्याचा रेणू इवलासा आणि त्याचे बंध बळकट, म्हणजे थोड्या जागेत खूप ओढ. पाण्याचा पृष्ठताण २० अंशांना मीटरमागे ७२.८ मिलिन्यूटन आहे. हेक्झेनचा १८, अल्कोहोलचा २२, खाद्यतेलांचा तिशीच्या आसपास. इतकं घट्ट दिवेलही पाण्याच्या निम्म्याच्याच आसपास राहतं. ताटावरच्या तिघांत घट्टपणात पाणी शेवटचं आणि पृष्ठताणात पहिलं, तेही त्याच हायड्रोजन बंधांमुळे. ताटावर तेलाचा पातळसर थर राहिला असेल तर पाणी आणखीच गोळा होतं, कारण पाण्याच्या रेणूंना तेलकट स्टीलपेक्षा एकमेकांचीच ओढ जास्त. आता एका थेंबात भांड्याचा साबण काडीने लावून बघा. तो फुगवटा क्षणात बसेल.

पाण्यातल्या आकर्षणाचा जोर बघायचा तर समान आकाराच्या रेणूंशी तुलना करायला हवी. ऑक्सिजनच्या खालोखाल त्याच गटात गंधक येतं. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळपास दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो. हायड्रोजन सेलेनाइड उणे ४१ ला, टेल्युराइड उणे २ ला. ही रांग मागे पाण्यापर्यंत ओढली तर पाणी शून्याखाली सत्तर-ऐंशी अंशांना उकळायला हवं होतं. ते १०० ला उकळतं. या पावणेदोनशे अंशांच्या फरकावर आपलं सगळं जगणं उभं आहे. तसं नसतं तर आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत पाणी नसतं, मगरीही नसत्या.

मला त्याहून आवडणारं उदाहरण अल्कोहोल आणि डायमिथाइल ईथरचं. दोघांचं रेणुसूत्र एकच: दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. वजन तंतोतंत सारखं. अल्कोहोलमध्ये हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला आहे, ईथरमध्ये तो ऑक्सिजन दोन कार्बनच्या मधे बसलाय. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, ईथर उणे २४ ला. "मोठा रेणू" हे उत्तर इथे कुठेच चालत नाही.

तरंगण्याबद्दल अलकापुरीकरांनी लिहिलंय ते बरोबर आहे, फक्त थोडी भर घालते. पाण्याचा एक मोल १८ ग्रॅम, तो १८ मिलिलिटरमध्ये मावतो. तेलाच्या साखळीतला कार्बन आणि त्याचे दोन हायड्रोजन मिळून १४ ग्रॅम, पण त्यांना १६ मिलिलिटरहून थोडी जास्तच जागा लागते. त्यामुळे साखळी हलकी. तेलातल्या ऑक्सिजनमुळे घनता थोडी वाढून सिंगतेल ०.९१ च्या आसपास येतं आणि जादा हायड्रॉक्सिल गटांमुळे दिवेल ०.९६ पर्यंत. म्हणजे दिवेल तरंगतं, पण जेमतेम.

गोरव्याचे काका (निवृत्त)

फार छान लिहिलंस, मुली. मी कोयलीच्या रिफायनरीत आयुष्य काढलं. ती १९६५ मध्ये सुरू झाली. या विषयाशी तिथे रोज गाठ पडायची. आमचा सगळा ऊर्ध्वपातनाचा मनोरा लंडन बलावरच चालतो असं म्हणायला हरकत नाही. छोट्या साखळ्या वर जातात, लांब खाली राहतात.

आपल्या गुजरातचंच एक उदाहरण देतो. मेहसाण्याकडच्या बालोल आणि सांथल या क्षेत्रांतलं क्रूड इतकं घट्ट आहे की ते जमिनीखालून सहजी निघत नाही. तिथे हवा आत सोडून थोडं तेल जमिनीतच जाळतात. त्या उष्णतेने बाकीचं पातळ होऊन विहिरीकडे सरकतं. तुझी दिवेलाची वाटी गरम पाण्यात ठेवण्यामागेही तेच तत्त्व आहे.

एक शंका मात्र मुलीसाठी टाकतो. पेंटेन आणि निओपेंटेन, दोघांत पाच कार्बन आणि बारा हायड्रोजन, दोघांत फक्त लंडन बल. पेंटेन ३६ अंशांना उकळतं आणि निओपेंटेन साडेनऊला. इथे संख्याही सारखी आणि बलही तेच. मग फरक कुठून?

लॅबवाली, दांडिया बाजार

काका, नेमकी नस पकडलीत. फरक आकाराचा. पेंटेनची साखळी लांबट, शेजारच्या साखळीला अंगभर लागून बसते. निओपेंटेनचा रेणू जवळपास गोल, दोन गोल एका जागीच टेकतात. स्पर्श कमी, ओढ कमी, म्हणून ते लवकर उकळतं.

पण गोठण्याची तापमानं बघितली की आणखी मजा येते. पेंटेन उणे १३० अंशांना गोठतं आणि निओपेंटेन उणे १७ च्या आसपासच. जो आधी उकळतो तोच आधी गोठतो! गोठताना रेणूंना रांगेत नीट बसावं लागतं. गोल रेणू कसाही वळला तरी बसतो, साखळीला नेमक्या स्थितीत यावं लागतं. उकळणं, वाहणं, थेंब धरणं, गोठणं, प्रत्येक वेळी रेणूला वेगळं काहीतरी करावं लागतं. एकाच बलावरून चारही गुणधर्म सांगायला गेलं की गोंधळ होतोच. ताईंच्या लेकीने पेपरात "बल जोरदार म्हणून" एवढंच लिहू नये. कोणता बंध, एका रेणूवर असे किती, आणि त्या वेळी रेणूला काय करायचं आहे, हे लिहावं.

मांजलपूरची आई

तिने हे तिन्ही प्रश्न वहीत उतरवून घेतलेत. शेवटचं एक विचारते आहे. ग्लिसरीनचा रेणू तर छोटा आहे, त्याला लांब साखळी नाही. मग ते दिवेलाइतकं घट्ट कसं? वरच्या उत्तराप्रमाणे छोटा रेणू चटकन वळून शेजारी बदलतो ना?

लॅबवाली, दांडिया बाजार

बरोबर ठिकाणी अडली ती. ग्लिसरीनचं रेणुभार ९२, कार्बन फक्त तीन, पण तिन्हींवर हायड्रॉक्सिल गट. पाण्यासारखं पटकन वळायचं तर एका बाजूचा बंध सुटून भागत नाही. बाकीचे दोन गट शेजाऱ्यांना धरूनच असतात आणि सगळे एकाच वेळी सुटण्याचा योग क्वचित येतो. म्हणून २० अंशांना ग्लिसरीन पाण्याच्या सुमारे १४०० पट घट्ट असतं आणि २९० अंशांना उकळतं. साखळीतून आलेला घट्टपणा आणि बंधांच्या जाळ्यातून आलेला घट्टपणा, हे दोन वेगळे रस्ते आहेत. दिवेलात दोन्ही एकत्र येतात, ग्लिसरीनमध्ये फक्त दुसरा.

याचा पडताळाही घरीच घेता येतो. केमिस्टकडची ग्लिसरीनची छोटी बाटली आणा. नऊ भाग ग्लिसरीनमध्ये वजनाने एक भाग पाणी घाला आणि नीट ढवळा. एवढ्याशा पाण्याने घट्टपणा सहाव्या हिश्शाच्या आसपास उतरतो. पाण्याचे छोटे रेणू त्या जाळ्यात शिरून ग्लिसरीनच्या गटांशी बंध करतात, आणि ते स्वतः चटकन वळणारे असल्यामुळे सगळं जाळं सैल पडतं. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही त्याच तिरक्या ताटावर सोडून बघा. मग त्याच प्रमाणात पाणी दिवेलात घालून ढवळा. तिथे पाणी जाळ्यात शिरतच नाही, थोड्या वेळाने तळाशी वेगळं दिसतं. हायड्रॉक्सिल गट दोन्हीकडे आहेत, तर असं का होतं, हे तिने मला लिहून कळवावं. मी वाट बघते.